अंकी: पाठांतरासाठी उत्तम आणि फुकट, पण कार्डं स्वतः करणार असाल तरच

‘स्मरणशक्ती वाढवा’ म्हणून जी ॲप्स मिळतात त्यांच्यात दोन जाती आहेत. एक खेळांची: रंग जुळवा, चौकोन लक्षात ठेवा, गुण मिळवा. दुसरी साध्या प्रश्नोत्तरांच्या कार्डांची. पहिल्या जातीचा निकाल लवकर लावता येतो. २०१० साली ‘नेचर’मध्ये ११,४३० जणांवरचा एक प्रयोग छापून आला. सहा आठवडे मेंदूचे खेळ खेळून माणसं त्या त्या खेळात पटाईत झाली, बाहेरच्या कामात मात्र त्याचा काही उपयोग दिसला नाही. २०१६च्या जानेवारीत ‘ल्युमॉसिटी’ हे असंच खेळांचं ॲप चालवणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे फसव्या जाहिरातींचं प्रकरण २० लाख डॉलर भरून मिटवावं लागलं.

अंकी दुसऱ्या जातीतलं. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आणलं. ते मेंदू तल्लख करत नाही. कोणती गोष्ट तुम्ही कधी विसरणार याचा अंदाज बांधून त्याच्या जरा आधी ती विचारतं, बस. एमपीएससी, नीट, किंवा पुण्यात एवढी मंडळी शिकतात ती जपानी आणि जर्मन, असं जिथे सुट्या गोष्टींचा ढीग महिनोन्‌महिने डोक्यात ठेवायचा असतो तिथे याच्या तोडीचं फुकट साधन दुसरं नाही. तरीही पुष्कळ जण ते महिन्याभरात काढून टाकतात. दोष ॲपकडे थोडा आहे, कारण नवख्याला ते काहीच समजावून सांगत नाही. जास्त दोष कार्डांकडे आहे. म्हणून या परीक्षणात ॲपपेक्षा कार्डांवर अधिक बोलणं आहे.

आधी घेण्याबद्दल. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर अंकी फुकट. अँड्रॉइडवर ‘अंकीड्रॉइड’ नावाचं ॲप घ्यायचं. ते वेगळे स्वयंसेवक चालवतात, तेही पूर्ण फुकट. आयफोनवरच्या ‘अंकीमोबाइल’ला मात्र पैसे पडतात, अमेरिकेत २४.९९ डॉलर, एकदाच. एवढे पैसे घालायचे नसतील तर आयफोनच्या ब्राउझरमध्ये ‘अंकीवेब’ उघडून उजळणी करता येते, थोडी गैरसोय सोसून. नावात ‘अंकी’ असलेली, दर महिन्याला पैसे मागणारी दुसरी ॲप्सही स्टोअरमध्ये आहेत. त्यांचा याच्याशी संबंध नाही. खाली सांगितलेली सेटिंग्ज तिथे सापडतीलच असं नाही.

कार्डाची पुढची बाजू दिसते, उत्तर मनात आणायचं, मग मागची बाजू बघून चारपैकी एक बटण दाबायचं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. संगणकावर १ ते ४ हे आकडे आणि स्पेसबार एवढ्यावर सगळं चालतं. कार्ड परत कधी दाखवायचं हे ठरवण्याच्या जुन्या पद्धतीत (पिओत्र वोझ्नियाक यांच्या १९८७च्या एसएम-२ या सूत्रावर ती बेतलेली आहे) दरवेळी गुड दाबलं तर कार्ड साधारण १ दिवसाने, मग ३, मग ७-८, मग १९-२० दिवसांनी, मग दीड महिन्याने आणि मग जवळजवळ चार महिन्यांनी येतं. या पद्धतीत एक खोट होती. दर अगेनला कार्डाचा ‘ईझ’, म्हणजे पुढचं अंतर किती पटीने वाढवायचं तो आकडा, २० टक्क्यांनी खाली यायचा आणि पुन्हा फक्त गुड दाबून तो वर चढायचा नाही. सुरुवातीला अडलेली कार्डं मग पाठ झाल्यावरही कायम अंगावर येत राहायची.

२०२३च्या अखेरीस आलेल्या २३.१० आवृत्तीपासून एफएसआरएस नावाची नवी पद्धत आतच मिळते. डेक म्हणजे कार्डांचा गठ्ठा, त्याच्या डेक ऑप्शन्समध्ये तिचं बटण आहे, ते चालू करा. ती तुमच्याच जुन्या उत्तरांवरून हिशेब करते, म्हणून महिन्यातून एकदा ‘ऑप्टिमाइझ’ दाबायचं. तिथेच ‘डिझायर्ड रिटेन्शन’ असतं, मुळात ०.९०, म्हणजे कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता ९० टक्के. परीक्षेच्या धास्तीने लोक ते ०.९५ किंवा ०.९७ करतात. ०.९५ला दोन उजळण्यांमधलं अंतर साधारण निम्म्यावर येतं, म्हणजे काम जवळपास दुप्पट. ०.९०वर राहू द्या. वाचवलेल्या वेळात प्रश्नपत्रिका सोडवा.

एफएसआरएस बिघडवण्याचा हमखास मार्ग म्हणजे उत्तर आठवलंच नाही तरी मन राखायला हार्ड दाबणं. या पद्धतीत हार्ड म्हणजे ‘आठवलं, पण त्रास झाला’. न आठवलेल्या कार्डांवर हार्ड दाबत गेलात तर हिशेबाला वाटतं तुमची स्मरणशक्ती भलतीच पक्की आहे, आणि तो सगळ्याच कार्डांची अंतरं ताणत नेतो. संभ्रम असेल तर अगेन आणि गुड ही दोनच बटणं वापरा. काही बिघडत नाही.

आता कामाचा बोजा. मूळ सेटिंगमध्ये रोज २० नवी कार्डं आणि जास्तीत जास्त २०० उजळण्या असतात. हे दोन आकडे एकमेकांना धरून आहेत: रोज २० नवी घेत राहिलात तर काही आठवड्यांत रोजची उजळणी २००च्या घरात जाते. कार्डाला सरासरी ९ सेकंद धरली तर अर्धा तास. पहिल्या आठवड्यात हे काम दहा मिनिटांचं वाटतं, म्हणून उत्साहात कोणी तरी नवी कार्डं ६० करतं, उजळणीची मर्यादाही वाढवतं, आणि महिन्यानंतर रोजचा दीड तास नुसत्या उजळणीत जातो. तिथेच ॲप उडवलं जातं. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याने १० नव्या कार्डांनी सुरुवात करावी. वर्षाला साडेतीन हजारांच्या वर होतात, थोडी नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. अंकीचा दिवस पहाटे ४ वाजता बदलतो. रात्री १ वाजता केलेली उजळणी आदल्या दिवसाचीच धरली जाते. पहाटे साडेतीनला उठून बसणाऱ्यांनी प्रेफरन्सेसमध्ये ती वेळ अलीकडे आणावी.

कार्ड कसं असावं

नमुना म्हणून ७३वी घटनादुरुस्ती घेऊ. नवखा माणूस कार्ड करतो: पुढे ‘७३व्या घटनादुरुस्तीची माहिती’, मागे आठ ओळी. कार्ड समोर येतं, आठपैकी पाच मुद्दे आठवतात. आता कोणतं बटण दाबणार? गुड दाबलं तर राहिलेले तीन मुद्दे कधीच पाठ होणार नाहीत, कारण ॲपला ते विसरलेत हे कळलेलंच नाही. अगेन दाबलं तर येणारे पाच मुद्दे उगाच रोज घोकावे लागतील. हिशेब कार्डागणिक होतो, मुद्द्यागणिक नाही. म्हणून एका कार्डात एकच गोष्ट.

तेच नीट केलं तर असं होतं. ‘७३वी घटनादुरुस्ती कधीपासून लागू?’: २४ एप्रिल १९९३. ‘७३व्या दुरुस्तीने कोणती अनुसूची जोडली?’: अकरावी. ‘अकराव्या अनुसूचीत किती विषय?’: २९. ‘पंचायतींबद्दलचा भाग कोणता?’: भाग ९. ‘राज्य निवडणूक आयोग, पंचायतींसाठी, कलम?’: २४३ के. ‘मधला स्तर नसला तरी चालेल, कोणत्या राज्यांना?’: २० लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्यांना. प्रत्येक उत्तर तीन-चार सेकंदांत येतं किंवा येत नाही, मधलं काही नाही.

खरी गंमत ७४व्या दुरुस्तीची कार्डं घातली की सुरू होते. १ जून १९९३, बारावी अनुसूची, १८ विषय, भाग ९-अ. आठवड्याभरात २९ आणि १८ची अदलाबदल व्हायला लागते. दोन्ही कार्डं एकट्याने सोपी आहेत, शेजारी आली की एकमेकांना खातात. अशा वेळी दोन्ही पुन्हा पुन्हा घोकून फार फरक पडत नाही. फरकावरच बोट ठेवणारं तिसरं कार्ड करावं लागतं: ‘२९ आणि १८: ग्रामीण कोणता, नागरी कोणता?’ आणि मागच्या बाजूला उत्तराखाली एक खूण: अनुसूचीचा आकडा वाढला, विषय कमी झाले. एवढ्यावर बहुधा गोंधळ मिटतो.

एखादं कार्ड आठ वेळा हुकलं की अंकी त्याला ‘लीच’ ठरवतं. त्यावर जिद्दीने बसून राहू नका. ते कार्ड दुसऱ्या कुठल्या तरी कार्डाशी भांडतंय, किंवा मुळात समजलेलं नसताना केलंय, ही दोनच कारणं सहसा निघतात. ब्राउझमध्ये, म्हणजे सगळ्या कार्डांच्या यादीत, जाऊन ते फोडा किंवा नव्याने लिहा. तेही जमत नसेल तर खुशाल डिलीट करा. एका कार्डाने निकाल बदलत नाही.

याद्यांसाठी ‘क्लोझ’ प्रकार बरा, म्हणजे वाक्यात गाळलेली जागा. मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं की जागा गाळली जाते. महाराष्ट्रातल्या पंचायत राज समित्या क्रमाने हव्या असतील तर एकाच ओळीत वसंतराव नाईक (१९६०), बोंगिरवार (१९७०), पी. बी. पाटील (१९८४) लिहा आणि तिन्ही नावांना वेगवेगळे क्रमांक द्या. तीन कार्डं तयार होतात आणि प्रत्येकात बाकीची दोन नावं दिसतात, त्यामुळे क्रमही मनात बसतो. क्लोझचा धोका असा की पुस्तकातलं चार ओळींचं वाक्य जसंच्या तसं चिकटवलं तर काही दिवसांनी डोळे वाक्याचा आकार ओळखतात आणि न वाचताच उत्तर येतं. परीक्षेत प्रश्न वेगळ्या शब्दांत आला की पाटी कोरी. वाक्य दहा-बारा शब्दांच्या वर जाऊ देऊ नका, आणि पुस्तकाची भाषा मोडून स्वतःच्या भाषेत लिहा: ‘महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२पासून’.

नकाशे आणि आकृत्यांसाठी ‘इमेज ऑक्लूजन’ २३.१०पासून आतच आहे, वेगळं ॲड-ऑन लागत नाही. सह्याद्रीतल्या घाटांचा नकाशा घ्या, चित्र चिकटवा, प्रत्येक नावावर चौकोन ओढा. आता अंकी विचारतं ‘हाइड ऑल, गेस वन’ की ‘हाइड वन, गेस वन’. नकाशाला पहिलंच निवडा. दुसऱ्यात बाकीची सगळी नावं दिसत राहतात आणि कुंभार्ली, आंबा, फोंडा समोर लिहिलेले असले की उरलेला कोणता हे वजाबाकीने कळतं, आठवणीने नाही. त्याच घाटांची साधी कार्डंही हवीत: ‘भोर–महाड?’ वरंधा. ‘कराड–चिपळूण?’ कुंभार्ली. नकाशावरची जागा आणि जोडलेली गावं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक आली म्हणून दुसरी येत नाही. नीटवाल्यांनी हृदयाच्या किंवा नेफ्रॉनच्या आकृतीला हेच करावं.

भाषा शिकणाऱ्यांना एकच सूचना: शब्दाचं कार्ड दोन्ही बाजूंनी चालणारं घ्या. परकी भाषा बघून मराठी आठवणं फार सोपं असतं. मराठी बघून परका शब्द तोंडात येतो का, ही खरी परीक्षा. जर्मन नाम असेल तर लिंगासकटच लिहा, नंतर वेगळं पाठ करू म्हटलं की ते राहतंच.

मराठीत वापरताना

इथे अंकी जरा छळतं, आणि बाहेरच्या परीक्षणांत हे कुठे सापडत नाही.

पहिलं, अक्षरांचा आकार. मूळ अक्षर २० पिक्सेलचं असतं. रोमन लिपीला ते पुरतं. देवनागरीत जोडाक्षरं बारीक होतात आणि वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींना टेकतात. ब्राउझमधून ‘कार्ड्‌स’ उघडा, ‘स्टायलिंग’मध्ये आकार २८ करा आणि ओळीची उंची १.५. दोनशे कार्डांनंतर डोळ्यांना फरक जाणवतो.

दुसरं, उत्तर टाइप करायला लावणारी कार्डं. शुद्धलेखनासाठी ती छान वाटतात, पण तुलना अक्षरन्‌अक्षर होते. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टाइप करता येतं, आणि ‘अ’ला वेगळा अर्धचंद्र लावूनही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारांनी तयार होतो. दिसायला दोन्ही सारखे, अंकीच्या लेखी वेगळे. कार्ड संगणकावर एका कळफलकाने केलं आणि फोनवर दुसऱ्याने उत्तर लिहिलं तर बरोबर उत्तरावर लाल पट्टी येते. हीच अडचण शोधताना येते आणि तेच कार्ड दोनदा घातलंय हे ओळखतानाही. एकच कळफलक ठरवून घ्या. आकड्यांचंही तसंच, १९९३ कायम देवनागरीत किंवा कायम रोमनमध्ये.

तिसरं, जुन्या पीडीएफ. क्लासच्या नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर तिथून कॉपी केलेला मजकूर अंकीत अगम्य चिन्हांचा भरणा होऊन उतरतो. फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं, मात्र रफार आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर बसलेली नाही ना हे बघावं लागतं. पाच-दहा कार्डांसाठी ती खटपट नको, हाताने टाइप करा.

चौथं, एक्सेलमधून एकदम भरताना फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारातच जतन करा. साध्या ‘सीएसव्ही’त मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते, आणि एकदा तशी जतन झाली की त्या फाइलमधून मूळ अक्षरं परत मिळत नाहीत.

तयार डेक

फुकट मिळतात, पण मराठीत कमी आहेत. जे आहेत ते कोणाच्या तरी नोट्स असतात, आणि त्या माणसाने काय वाचून काय गाळलं हे तुम्हाला माहीत नसतं. आकडे तपासल्याशिवाय घेऊ नका. जपानी कांजी, देशांच्या राजधान्या, आवर्त सारणी अशा पक्क्या यादीच्या गोष्टींना तयार डेक चालतो. राज्यशास्त्राला आणि इतिहासाला नाही. कार्ड लिहिताना मुद्दा कुठे फोडायचा हे ठरवण्यातच अर्धं शिकणं होतं, ते आयतं मिळत नाही.

अडकलात तर

आठवडाभर उघडलं नाही की हजाराच्या वर उजळण्या साठलेल्या दिसतात. एका बैठकीत संपवायला जाऊ नका. नवी कार्डं शून्य करा, उजळणीची मर्यादा रोजच्या झेपेल त्या आकड्यावर ठेवा आणि ढीग उतरेपर्यंत तसंच चालू द्या. उशिरा आलेलं कार्ड तरीही आठवलं तर अंकी त्या जास्तीच्या दिवसांचं श्रेय देतं, त्यामुळे वाटतं तेवढं नुकसान होत नाही. उजळणीची मर्यादा गाठली की नवी कार्डं आपोआप दिसेनाशी होतात, तो बिघाड नव्हे.

फोन आणि संगणक अंकीवेबने फुकट जोडता येतात. पहिल्यांदा जोडताना दोन्हीकडे वेगवेगळी कार्डं असली की अंकी विचारतं, अपलोड करू की डाउनलोड? इथे चुकीचं दाबलं तर एका बाजूची सगळी कार्डं जातात. आधी संगणकावर फाइल मेन्यूमधून संपूर्ण कलेक्शन एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: एकीकडे डेक उडवला की दुसरीकडूनही उडतो.

कशासाठी घेऊ नये

गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीला अंकीचा उपयोग सूत्रांपुरता. उदाहरण कार्डावर घातलं की तिसऱ्या वेळी उत्तराचा आकडाच पाठ झालेला असतो. मुख्य परीक्षेची वर्णनात्मक उत्तरं लिहिण्याचा सराव कागदावरच करावा लागतो, कार्डं फार तर त्यासाठी आकडे आणि कलमं पुरवतील. चालू घडामोडींची रोज तीस कार्डं करणाऱ्यांची दया येते: सहा महिन्यांत त्यातली निम्मी शिळी होतात आणि तरी उजळणीला येत राहतात. करायचीच तर वेगळ्या डेकमध्ये करा, म्हणजे परीक्षेनंतर एका झटक्यात काढता येतील. आणि न समजलेला धडा कार्डावर चढवू नका, तो पोपटपंचीच राहतो.

सुरुवातीला एक गोष्ट खटकेल: धडा पुन्हा वाचला की येतंय असं वाटतं, कार्डं केली की येत नाही असं. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये नेमकं हेच मोजलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवत होतं, आठवड्याने विचारलं तर स्वतःला प्रश्न विचारणाऱ्यांना. तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांतल्या अगेनच्या संख्येवरून ॲपबद्दल मत बनवू नका. त्यापेक्षा ‘स्टॅट्स’मध्ये २१ दिवस किंवा त्याहून जास्त अंतराच्या, म्हणजे ‘मॅच्युअर’ कार्डांपैकी किती बरोबर आली त्याची टक्केवारी बघा. ती ९०च्या आसपास असेल तर सगळं ठीक चाललंय. ८०च्या खाली असेल तर कार्डं फोडायची वेळ आली.

परीक्षेच्या महिन्यात नवी कार्डं बंद करा. शेवटच्या आठवड्यात एका विषयाची सगळी कार्डं एकदम बघायची असतील तर ‘फिल्टर्ड डेक’ करा, आणि तिथलं ‘रीशेड्यूल’चं बरोबरचं चिन्ह काढा. मग कितीही वेळा घोकलं तरी मूळ तारखा जागच्या हलत नाहीत आणि पूर्वपरीक्षा संपली की मुख्य परीक्षेसाठी तोच डेक जिथे सोडला तिथून पुढे चालू होतो.